मिठात जगलेले एकवीस

साहेब, मासे तुम्ही मारले.

गेनूनं मारले नाहीत. मिठानं मारले नाहीत. देवानं तर नाहीच. त्याला भोर तालुक्यात येऊन पाच-सहा हजार बोटभर पिल्लं मारायची गरज काय? तुम्ही मारले. भर दुपारी, मनगटावरचं घड्याळ बघत मारले, आणि दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावून विचारलंत, "हे कुणी केलं?" लेखी हुकूम नाही, हे ठाऊक आहे. तुमच्यासारखी माणसं हुकूम तोंडानं सोडतात आणि कागदावर सही दुसऱ्याची घेतात. म्हणूनच ही हकिकत तुमच्या कागदाबाहेर सांगायची वेळ आली.

साल सत्तर. भोरच्या अलीकडं नदीकाठाला खात्याचं मत्स्यबीज केंद्र होतं, म्हणजे माशांची पिल्लं वाढवून पुढं धरणात सोडायची जागा. चार मातीची तळी, सिमेंटचे दोन हौद, एक कौलारू हापीस आणि हापिसापुढं झेंड्याचा कट्टा. तिथं गेनू नऊ वर्षं हंगामी मजूर होता. हंगाम काही संपत नव्हता आणि गेनू काही कायम होत नव्हता. मूळचा तो वेल्ह्याकडचा. पानशेतचं धरण आलं आणि त्याचं गाव पाण्याखाली गेलं. गाव उठलं ते एका दिवसात. बौद्धवाड्यातली बारा घरं बारा वाटांना लागली. गेनू बायकोच्या, रतनबाईच्या माहेरी येऊन राहिला. बरोबर म्हातारी आई होती. ती नव्या जागी सहा महिनेच जगली. आजार म्हणावा तर कुठलाच नव्हता. नुसती उंबऱ्यात बसायची आणि म्हणायची, "गेनू, हितलं पाणी अंगी लागंना रं."

हे गेनूच्या मनात का राहिलं, ते पुढं कळेल.

दर थंडीत केंद्राचा ट्रक वरंध घाट उतरून महाडच्या खाडीवर जायचा आणि बोईची पिल्लं घेऊन यायचा. बोई हा खाडीचा मासा. चांदीसारखा, चपळ, पाण्याबाहेर उड्या मारणारा. पिल्लं धरायला गेनू तिथं आठ-दहा दिवस मुक्कामाला असायचा. खाडीवर सखूबाई नावाची कोळीण होती. पदर खोचून कमरेइतक्या चिखलात उभी राहायची आणि जाळ्याबरोबर शिव्याही फेकायची. पहिल्याच वर्षी तिनं गेनूला विचारलं होतं, "ही पोरं वर नेऊन काय करतंस?"

"गोड्या पाण्यात वाढवतो."

"कशी टाकतंस? मुतल्यासारखी, एकदम?"

गेनू ओशाळून हसला. सखूबाई हसली नाही. तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं, अंगठ्याच्या नखानं त्याच्या गालाचं झाकण उचललं आणि आतली लाल, कंगव्यासारखी झालर दाखवली. "ह्यो कल्ला. ह्यानं मासा श्वास घेतो, हे पोरालाही ठावं. पण मीठसुद्धा ह्योच सांभाळतो. खाऱ्यात असतं तवा मीठ आत घुसतं, ह्यो ते बाहेर फेकतो. गोड्यात उलटं. गोडं पाणी अंगातलं मीठ चोरतं, मग ह्याला फेकायचं सोडून धरायचं काम करावं लागतं. काम उलटं फिरवायला त्याला दिस लागतात. तेवढे दिस दे. न्हायतर पोर फेकतच राहील, धरायचं ठावं नसेल, आणि फुगून मरेल."

"किती दिस?"

"आठ. रोज थोडं खारं काढ, थोडं गोडं घाल. आणि जिभेनं बघ. मधल्या दिसाला पाणी आपल्या आसवाइतकं खारट लागलं पायजे. आसवाइतक्या पाण्यात माशाला काहीच करावं लागत न्हाई, फेकावंही न्हाई, धरावंही न्हाई. तिथं त्याला दोन दिस विसावा दे."

नंतर केंद्रावर एक तरुण साहेब आले होते. त्यांनी भिंगाखाली कल्ला ठेवून गेनूला हेच दाखवलं, फक्त पुस्तकाच्या भाषेत. वर्षभरात त्यांची बदली झाली. पण गेनूला नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. पहिल्या दिवशी पाणी खारवलेल्या लोणच्यासारखं, चौथ्याला आसवासारखं, सहाव्याला आळणी आमटीसारखं, आणि आठव्याला नदीसारखं. शंभरातली ऐंशी पिल्लं जगायची. मोजायला येणारे साहेब म्हणायचे, केंद्राचं काम उत्तम आहे. कुणाचं काम, ते कुणी विचारलं नाही.

आणि एकदा हौदाच्या काठावर बसून पाणी चाखताना त्याला आई आठवली होती. तिला कुणी आठ दिवस दिले नव्हते.

त्या वर्षी जानेवारीच्या विसाव्या तारखेला दुपारी ट्रक घाट चढून आला. पत्र्याचे डबे, डब्यात खाडीचं पाणी, पाण्यात पिल्लं. गेनूनं हौद आधीच धुऊन ठेवला होता. तो डबे उतरवायला लागला तोच नवे साहेब, म्हणजे तुम्हीच, हापिसातून बाहेर आले. मागं आनंदराव. आनंदराव म्हणजे हेडक्लार्क; साहेबांची सावली, आणि साहेबांपेक्षा लांब पडणारी.

"हौदात नको," साहेब म्हणाले. "एक नंबरच्या तळ्यात सोडा. परवा पाहुणे येतायत."

"साहेब, तळ्यात गोडं पाणी हाय."

"मग? मासे पाण्यातच सोडतात ना?"

आनंदराव हसले. ट्रकचा ड्रायव्हर हसला. गेनू हसला नाही. "ही खाडीची पोरं हायती. आठ दिस हौदात ठेवून हळूहळू पाणी बदलावं लागतं. कल्ल्याला सवय व्हायला."

"कल्ल्याला सवय!" साहेब आनंदरावांकडं वळले. "ऐकलंत? हा आता माशांची शाळा काढणार."

"चौथी पास आहे साहेब," आनंदराव म्हणाले. "यांच्यात आता सगळेच शिकायला लागलेत."

गेनूनं डब्यावरचा हात काढला नाही. "साहेब, पाया पडत न्हाई, पण सांगतो. मरतील. समदी मरतील. पाहुण्यांना हौदातली दाखवा की. हौदात बी उड्या मारतात."

"हौदात फोटो येतो का?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "अर्ध्या तासात सगळे डबे तळ्यात रिकामे पायजेत. नाहीतर उद्यापासून यायचं नाही."

हा तुमचा हुकूम, साहेब. शब्द न् शब्द हाच. ऐकायला चार माणसं होती. त्यातला चौथा कोंडिबा.

कोंडिबा केंद्राचा राखणदार. गावातला शेतकरी घरचा, पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या, मन मऊ आणि कणा त्याहून मऊ. गेनूवर त्याचा जीव होता. दोघं एका बांधावर बसून भाकरी खायचे, दोन हातांचं अंतर ठेवून. ते अंतर कुणी मोजलं नव्हतं, पण नऊ वर्षांत ते बोटभरही कमी झालं नव्हतं. गेनू त्याला दादा म्हणायचा.

"वत रं गेनबा," कोंडिबा हळूच म्हणाला. "त्यांचा हुकूम, त्यांचं पाप."

दोघांनी मिळून डबे ओतले.

संध्याकाळपर्यंत तळं चांदीसारखं हललं. साहेब खूश होऊन घरी गेले. दिवस मावळायच्या सुमाराला पिल्लं काठाला यायला लागली. उड्या थांबल्या. एकेक पिल्लू कलंडायचं, परत सरळ व्हायचा प्रयत्न करायचं, परत कलंडायचं. गेनूनं एक उचललं. पोट टम्म. कल्ला भराभर उघडझाप करत होता, दमलेल्या माणसासारखा. त्याला माहीत होतं आत काय चाललंय. मीठ फेक, मीठ फेक. फेकायला मीठ उरलं नाही तरी फेक.

सकाळी तळ्यावर मेलेल्या पिल्लांची पांढरी साय धरली होती. पण काठाच्या लव्हाळ्यात अजून थोडी धुगधुगी होती, आणि गेनूच्या डोक्यात एकच गोष्ट आली. मीठ गेलंय, मीठ परत द्यायचं. त्यानं हौद नदीच्या पाण्यानं भरला, गावात रखमाजीच्या दुकानावर गेला आणि खडेमिठाचं अख्खं पोतं पाठीवर घेऊन आला. उजाडलेलं होतं. पारावर माणसं शेकत बसली होती.

"काय रं गेनू, एवढं मीठ? काय खारवतुयस?"

"मासं," गेनू चालता चालता म्हणाला. त्याला घाई होती. थांबून सांगितलं असतं तर? पण तो थांबला नाही, आणि ही एकच चूक त्याच्या पदरात घालता येईल, साहेब.

हौदात पोतं ओतलं, बांबूनं ढवळलं, जिभेवर थेंब घेतला. आसवाइतकं. मग हातजाळीनं लव्हाळ्यातली हलणारी पिल्लं वेचून हौदात सोडली. दीड-दोनशे भरली असतील. दुपारपर्यंत वीस-बावीस सोडून बाकी सगळी गेली. पण उरलेली! उरलेली सरळ झाली. पाण्यात तोंड वर करून उभी राहिली. संध्याकाळी त्यातल्या एकानं उडी मारली आणि गेनू एकटाच मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मेलेले मासे टोपल्यांनी काढून आंब्याच्या बुडाशी पुरले होते, वरून पालापाचोळा. तीन नंबरच्या तळ्यातून गोड्या पाण्यातल्या रोहूची पिल्लं पकडून पितळेच्या घंगाळात ठेवली होती. घंगाळाला झेंडूचा हार. पाहुण्यांनी ओंजळीनं रोहू तळ्यात सोडले, फोटो निघाला, पेढे वाटले. बोई आणि रोहूतला फरक पाहुण्यांना ठाऊक नव्हता. तुम्हालाही नव्हता.

पण वास थांबतो का? तळ्याच्या सांडव्याचं पाणी ओढ्यात जात होतं, आणि ओढ्यावर गावची जनावरं. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी आंब्याचं बूड उकरलं. गावानं मेलेले मासे बघितले, आणि पारावरच्या माणसांना पोतं आठवलं.

"पांढरं काहीतरी व्हतं."

"मी सवता इचारलं. थांबला सुदिक न्हाई."

"पाण्यात घातलं. मासं मेलं. आता जनावरं मरतील."

"त्यांना गावच्या हिरीला येऊ देत न्हाई ना आपण. त्याचं उट्टं काढलं."

बघा, गंमत कशी असते. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी पाणी अडवलं, त्यांना पहिलं भय हेच, की ह्यांनी आपलं पाणी नासवलं. पोलीसपाटील मानसिंग अर्ज घेऊन केंद्रावर आला. "मत्स्य मजूर गेनू याने तळ्यात विषारी पदार्थ टाकला." साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. बुडत्याला काडी नव्हे, नावच मिळाली. विष नको म्हणाले, पोलीस येतील. मीठ लिहू. गोड्या पाण्याच्या तळ्यात मजुरानं अज्ञानानं मीठ टाकलं, त्यामुळे बीज मेलं. आनंदरावांनी त्याच कागदावर 'अज्ञानानं' खोडून 'बुद्धिपुरस्सर' केलं. गेनूला केंद्राच्या फाटकाबाहेर काढलं. पुढच्या सोमवारी पुण्याहून चौकशी येणार होती.

पिठाच्या गिरणीवाल्यानं रतनबाईचं दळण परत दिलं. ती पाटी डोक्यावर तशीच घेऊन घरी आली. पाटी उतरवली आणि जात्यापाशी बसली.

"मंग? चूक झाली का तुमची?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग तोंड का पाडलंय? चूक न्हाई तर मान वर ठेवा. मी दळते."

"हौदात एकवीस जित्ती हायती रतन," गेनू म्हणाला. "मोजली म्या. जमिनीवर डोकं टेकून सांगितलं तर कुणी ऐकणार न्हाई. पण ती एकवीस चौकशीच्या साहेबाला दिसली, तर बोलायची गरजच न्हाई. मीठ घातलेल्या हौदात जित्ती, बिगरमिठाच्या तळ्यात मेलेली. आंधळ्याला बी कळंल."

तेवढंच होतं त्याच्याकडं. एकवीस साक्षीदार, बोटाएवढे.

फाटकातून आत जाता येत नव्हतं, म्हणून त्यानं कोंडिबाला गाठलं. "दादा, रोज सकाळ-सांज वीतभर हौदातलं काढायचं, वीतभर नदीचं घालायचं. एवढं करा."

"आन् चाखायचं?"

"व्हय."

कोंडिबानं मान फिरवली. गेनू समजला. मीठ गेनूच्या हातचं होतं. "बरं, चाखू नका. नुसतं मोजून वता. इतवारपत्तुर पाणी गोडं व्हईल. मंग चौकशीचा साहेब म्हणू दे, मिठात जगले म्हणून काय झालं. आपण दाखवू, गोड्यात बी जगले. आठ दिस दिले म्हणून जगले."

आणि कोंडिबानं केलं. खरंच केलं. सहा दिवस, चुकला नाही. रविवारी सकाळी फाटकापाशी येऊन कुजबुजला, "एकवीसच्या एकवीस. उड्या मारत्यात लेकाचे."

रविवारी दुपारी आनंदराव आले. "कोंडिबा, उद्या चौकशी आहे. हौद उपसा, आतून चुना मारा. घाण नको दिसायला."

"आत मासं हायती."

"कसले मासे? दप्तरात सगळे मेलेत." आनंदराव पान थुंकले. "पेन्शनीला किती वर्षं राहिली तुमची?"

आता कोंडिबाकडं बघा. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आधी बघा. त्यानं हौदाचं बूच काढलं. पाणी गेलं. तळाशी एकवीस चांदीचे तुकडे तडफडले. आनंदराव गेल्याची खात्री करून त्यानं ते केंद्राच्या बादलीत, हौदाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात घेतले. बादली केंद्राची, नंबर घातलेली. ती संध्याकाळी परत जागेवर पाहिजे. गेनूचं घर ओढ्यापलीकडं. तिथं दारात मातीचा मोठा डेरा होता, हे कोंडिबाला ठाऊक होतं. बाहेरून बघितलेला.

दिवस मावळताना तो बादली घेऊन ओढ्यापर्यंत गेला. पलीकडं बौद्धवाडा. अलीकडं पार, पारावर मानसिंग पाटील आणि सातजण. ओढा ओलांडायला दहा पावलं. कोंडिबा उभा राहिला. सगळ्या पारानं त्याच्याकडं बघितलं.

"काय रं कोंडिबा, कुनीकडं? पावण्याकडं निघाला का काय?" पार खिदळला.

दहा पावलं. बास. कोंडिबा मागं फिरला आणि आपल्या घरी गेला.

घरी त्याची बायको ठकुबाई चुलीपाशी होती. "ह्ये काय आणलं?"

"गेनूचं साक्षीदार. रातभर ठेवायचं. चांगलं भांडं दे एक."

"घागरीत ठेवा."

"घागर फुटकी हाय. देवापुढला हंडा दे."

"तांब्याचा? अहो, त्यात देवाचं पाणी असतं!"

"म्हनूनच दे." कोंडिबानं बादली खाली ठेवली. "त्याच्या दारापत्तुर गेलो न्हाई मी. निदान भांडं तरी चांगलं देऊ दे मला."

ठकुबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. उठून तिनं हंडा खाली घेतला. सकाळी तो मोठ्या साहेबाफुडं जायचा, डागाळलेला कसा पाठवायचा? चिंच आणि राख लावून तिनं तो घासला. आतून, बाहेरून, कडेला बसलेल्या पाण्याच्या पांढऱ्या डागापर्यंत. हंडा नव्या नवरीसारखा लखलखला. बादलीतलं पाणी थोडकं होतं, म्हणून नदीचं ताजं पाणी घालून तो गळ्यापर्यंत भरला आणि एकवीस बोई त्यात सोडले. वरून फडकं बांधलं. कोंडिबानं हंड्यावर हळद-कुंकवाचं बोट सुद्धा लावलं. त्या घरात ह्याहून मोठा मान नव्हता.

आणि माशांच्या केंद्रावर बारा वर्षं राखण केलेल्या ह्या माणसाला कुणी कधी सांगितलं नव्हतं, की मासा तांब्यात ठेवायचा नसतो. घासलेलं तांबं पाण्यात उतरतं. माणसाला ते औषध. कल्ल्याला ते विष. जो कल्ला आठ दिवस घासाघीस करून मीठ धरायला शिकला होता, त्यालाच ते पहिलं पकडतं. गेनूच्या मातीच्या डेऱ्यात ते जगले असते. डेरा दहा पावलांवर होता.

सकाळी कोंडिबानं फडकं सोडलं.

हंडा डोक्यावर घेऊन तो ओढ्यापाशी आला. ह्या वेळी तो थांबला नाही. पार बघत होता. तो ओढा उतरला, बौद्धवाड्यात शिरला, गेनूच्या दारात हंडा ठेवला आणि मटकन खाली बसला. रतनबाईनं हंड्यात डोकावलं. पांढरी पोटं वर. तिनं हंड्याची घासलेली कड बघितली आणि हंडा नवऱ्यापुढं सरकवला.

गेनूनं एक मासा उचलला. झाकण उघडून कल्ला बघितला. लाल झालरीवर बुळबुळीत पांढरा थर.

"तांब्यात ठेवलंत दादा?"

"देवाचा हंडा हाय गेनबा."

गेनूनं मासा हळूच हंड्यात परत ठेवला. मग म्हणाला, "चला. उशीर व्हतोय."

चौकशीचे साहेब सभ्य होते. खुर्ची दिली नाही, पण आवाजही चढवला नाही. टेबलावर हंडा. आनंदरावांनी जबाब वाचला, गेनूचा जबाब, जो गेनूनं दिलाच नव्हता. "मी बुद्धिपुरस्सर मीठ टाकले, त्यामुळे मत्स्यबीज नष्ट झाले." वाचून झाल्यावर आनंदरावांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं, अंगठ्यासाठी.

"मला लिहिता येतं," गेनू म्हणाला.

"हे मासे कशाला आणलेत?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

"हे मिठाच्या हौदात जगलेले."

"हे तर मेलेत."

"काल सांजच्याला जित्ते व्हते," कोंडिबा दारातून म्हणाला. "एकवीस. माझ्या हातात उड्या मारत व्हते."

"हौदातून कुणी काढले?"

"म्या."

"का?"

"हौद उपसायला सांगितलं."

"कुणी?"

कोंडिबानं आनंदरावांकडं बघितलं. आनंदराव कॅलेंडरकडं बघत होते. तुम्ही, साहेब, खिडकीबाहेर. कोंडिबाच्या पेन्शनीला चार वर्षं राहिली होती.

"आठवत न्हाई," कोंडिबा म्हणाला, आणि डोळे पुसत बाहेर गेला.

चौकशीच्या साहेबांनी टाक गेनूपुढं केला. "सही करा. कोर्टाबिर्टाचं काही होणार नाही, नुसतं कामावरून कमी करतील. आम्हालाही पुण्याला पोचायचंय."

गेनूनं टाक घेतला. जिथं सही करायची त्या जागेवर, चौथीत शिकवलेल्या गोल अक्षरात, त्यानं सावकाश एक ओळ लिहिली. टाक ठेवला. हंडा उचलला, कारण तो कोंडिबाच्या घरचा होता, आणि निघाला.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गेनू कामावरून गेला. गावानं जे ऐकायचं तेच ऐकलं. गिरणी अजून रतनबाईचं दळण घेत नाही. कोंडिबा बांधावर एकटा भाकरी खातो, आणि शेजारी दोन हातांची जागा सोडतो, सवयीनं. अहवालाची टंकलिखित प्रत पुण्याला गेली. त्यात सगळं आहे. मीठ आहे, पोतं आहे, पारावरच्या सातजणांची नावं आहेत. फक्त सहीच्या जागेवरची ती एक ओळ नाही. 'सही करण्यास नकार' असं तिथं छापलंय.

ओळ अशी होती: तळ्यात मिठाचा खडा नव्हता, तिथले सगळे मेले; हौदात पोतंभर मीठ होतं, तिथले एकवीस आठ दिवसांहून जास्त जगले, कसे?

साहेब, चौथी पास माणसाचा प्रश्न आहे. तुमचं शिक्षण मोठं. कल्ला बघा, पुस्तक बघा, नाहीतर खाडीवर जाऊन सखूबाईला विचारा, पण ह्या वेळी तोंडी नको.

लेखी उत्तर द्या. खाली तुमची सही पाहिजे.